‘थांबा’ म्हणणाऱ्या पेशी

(शाळेतील मुलांपुढे आरोग्य या विषयावर दिलेले हे भाषण आहे. ॲलर्जी म्हणजे काय, ती का होते आणि आपले शरीर तिला आवर कसा घालते, हे या भाषणात सोप्या भाषेत सांगितले आहे.)

बालमित्रांनो,

‘साप साप म्हणून भुई धोपटणे’ हा वाक्प्रचार तुम्ही आजीच्या तोंडून ऐकला असेल. अंधारात एक दोरी पडलेली असते. कोणीतरी ‘साप! साप!’ म्हणून ओरडते. मग सगळे काठ्या घेऊन धावतात आणि जमीन बडवत सुटतात. साप तर तिथे नसतोच. पण कुंड्या फुटतात, रोपे तुडवली जातात, एखाद्याच्या पायावर काठी बसते. हे नुकसान कोणी केले? सापाने नव्हे. आपल्याच माणसांनी केले.

आपल्या शरीरातही कधी कधी असेच घडते. एखाद्या मुलाने शेंगदाणे खाल्ले की त्याच्या ओठांना सूज येते. एखादीने कोळंबी खाल्ली की अंगावर गांधी उठतात. कोणी अंथरूण झटकले की कोणाला शिंकांवर शिंका येतात. शेंगदाणा विषारी नाही, कोळंबीही विषारी नाही. मग हा त्रास कशाने होतो? त्याला आपण ॲलर्जी म्हणतो. आज मी तुम्हांला या ॲलर्जीची गोष्ट सांगणार आहे. आणि त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, शरीरात जे पहारेकरी ‘थांबा, हा साप नाही, दोरी आहे’ असे सांगतात, त्यांचीही ओळख करून देणार आहे.

आधी आपल्या शरीराचा पहारा कसा चालतो ते पाहू.

आपल्या रक्तात तांबड्या पेशी असतात, तशाच पांढऱ्या पेशीही असतात. पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी. रोगाचे जंतू शरीरात शिरले की त्या त्यांना शोधून काढतात. या पेशींचे अनेक प्रकार आहेत. त्यांतल्या दोन प्रकारांची नावे लक्षात ठेवा: बी-पेशी आणि टी-पेशी.

बी-पेशी एक खास वस्तू तयार करतात. तिला ‘प्रतिपिंड’ म्हणतात. प्रतिपिंड इतके लहान असते की शाळेतल्या सूक्ष्मदर्शकातूनही ते दिसत नाही. त्याचा आकार दोन फांद्या फुटलेल्या काठीसारखा असतो. बेचकीची काठी डोळ्यांपुढे आणा, म्हणजे कळेल. या दोन फांद्यांच्या टोकांनी प्रतिपिंड शत्रूला पकडते. प्रत्येक प्रतिपिंड ठरावीक शत्रूलाच पकडू शकते. गोवराचे प्रतिपिंड गोवराच्या विषाणूला धरते, दुसऱ्याला नाही. कुलूप आणि किल्ली यांची जोडी असते ना, तसेच हे.

प्रतिपिंडांचे पाच मुख्य प्रकार आहेत. त्यांतला एक प्रकार रक्तात सर्वांत कमी असतो. त्याचे नाव ‘आयजीई’. संख्येने कमी असला तरी त्याचा तडाखा मोठा असतो. त्याचे काम काय? पोटातल्या जंतांसारखे परजीवी हे बॅक्टेरियांपेक्षा कितीतरी मोठे असतात. त्यांना गिळून टाकणे पहारेकरी पेशींना जमत नाही. त्यांना शरीराबाहेर घालवण्यासाठी खोकला, शिंका, जुलाब, खाज असे जोरदार उपाय लागतात. हे उपाय सुरू करण्याचे काम आयजीई करते. म्हणजे आयजीई वाईट नाही. ते कामाचेच आहे. पण ते चुकीच्या वस्तूविरुद्ध तयार झाले, की भुई धोपटणे सुरू होते.

ते कसे, हे आता नीट ऐका. ॲलर्जी दोन पायऱ्यांनी होते.

पहिली पायरी अशी. समजा, एका बाळाच्या शरीरात शेंगदाण्याचा अगदी बारीक अंश प्रथमच शिरला. पहारेकऱ्यांचा गैरसमज झाला. त्यांना वाटले, हा शत्रू आहे. मग ‘मदतनीस टी-पेशी’ नावाच्या पेशींनी बी-पेशींना निरोप धाडला, ‘याच्याविरुद्ध आयजीई तयार करा.’ पेशींना तोंड नसते; म्हणून त्या रसायनांच्या रूपाने निरोप पाठवतात. बी-पेशींनी आयजीई तयार केले. हे आयजीई जाऊन ‘मास्ट’ नावाच्या पेशींवर बसले. मास्ट पेशी आपल्या कातडीत, नाकात, फुप्फुसांत आणि आतड्यांत असतात. त्यांच्या पोटात हिस्टामिन नावाच्या रसायनाच्या बारीक बारीक पिशव्या भरलेल्या असतात. रक्तात फिरणारे आयजीई दोन-तीन दिवसांतच निम्मे होते. पण मास्ट पेशीवर बसलेले आयजीई कित्येक आठवडे टिकते. या पहिल्या पायरीवर बाळाला काहीही त्रास होत नाही. वरून सगळे शांत दिसते.

दुसरी पायरी पुढे कधीतरी येते. त्याच मुलाने पुन्हा शेंगदाणा खाल्ला. शेंगदाण्याचा अंश मास्ट पेशीपाशी पोहोचला. तिथे बसलेल्या आयजीईच्या फांद्यांनी त्याला पकडले. एकाच अंशाला शेजारशेजारच्या दोन आयजीईंनी धरले, की मास्ट पेशीला इशारा मिळतो. ती आपल्या सगळ्या पिशव्या एकदम रिकाम्या करते. हिस्टामिन बाहेर सांडते. मग खाज सुटते, कातडी लाल होते, नाक वाहते, श्वासाच्या नळ्या आवळल्या जातात. हे सर्व काही मिनिटांतच होते. म्हणूनच ॲलर्जी असलेल्या मुलाला ‘आत्ता तर बरा होतास!’ असे कोणी म्हणाले, तर ते खरेच असते. तो आत्ता बराच होता.

आपण समुद्राने वेढलेल्या बेटावर राहतो. आपल्याकडची हवा उबदार आणि दमट असते. अशी हवा धुळीतल्या सूक्ष्म किड्यांना फार मानवते. हे किडे गाद्या, उशा आणि पडदे यांत राहतात. त्यांची लांबी एका मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढीही नसते. ते चावत नाहीत. पण त्यांची विष्ठा श्वासावाटे आत गेली की पुष्कळांना शिंका येतात, काहींना दमा होतो. गंमत पाहा, या किड्यांच्या अंगात असलेले एक प्रथिन कोळंबीच्या अंगातल्या प्रथिनासारखेच असते. त्यामुळे किड्यांविरुद्ध तयार झालेले आयजीई कधी कधी कोळंबीलाही पकडते. जणू पहारेकऱ्याने चेहऱ्यातल्या साम्यावरून दुसऱ्याच माणसाला धरले!

हे सारे माणसाला कसे कळले? त्यासाठी शास्त्रज्ञांना फार परिश्रम करावे लागले.

सुमारे शंभर वर्षांपूर्वी ब्रेस्लाऊ नावाच्या शहरात दोन डॉक्टर काम करत होते. हे शहर तेव्हा जर्मनीत होते; आज ते पोलंडमध्ये आहे आणि त्याचे नाव व्रोत्सवाफ असे आहे. एका डॉक्टरांचे नाव क्युस्टनर. त्यांना मासे सोसत नसत. दुसऱ्यांचे नाव प्राउस्निट्झ. ते मासे खुशाल खात. प्राउस्निट्झ यांना प्रश्न पडला, की क्युस्टनर यांच्या रक्तात असे काय आहे, जे माझ्या रक्तात नाही? त्यांनी क्युस्टनर यांच्या रक्तातले पाणी घेऊन ते स्वतःच्या कातडीत टोचून घेतले. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. काय झाले असेल? मासे पचवणाऱ्या प्राउस्निट्झ यांच्या कातडीवर तेवढ्याच जागी लाल गांध उठली! ॲलर्जी घडवणारी वस्तू रक्तातच असते, हे सिद्ध झाले. हा प्रयोग १९२१ साली प्रसिद्ध झाला. असे प्रयोग आज कोणी करत नाही. एकाचे रक्त दुसऱ्याला टोचणे धोक्याचे असते, हे आता आपल्याला माहीत आहे.

पण ती वस्तू कोणती, हे समजायला आणखी पंचेचाळीस वर्षे लागली. किमिशिगे इशिझाका आणि तेरुको इशिझाका हे जपानी पती-पत्नी अमेरिकेत संशोधन करत होते. १९६६ साली त्यांनी ती वस्तू शोधून काढली. याच सुमारास स्वीडनमधील योहानसन आणि बेनिश या शास्त्रज्ञांनाही ती स्वतंत्रपणे सापडली. १९६८ साली तिला ‘आयजीई’ हे नाव मिळाले.

आता तुमच्यापैकी चौकस मुले विचारतील, ‘शेंगदाणे तर आम्ही सगळेच खातो. मग आमच्या शरीरात आयजीईचा गोंधळ का होत नाही?’

फार चांगला प्रश्न आहे हा! याचे उत्तर म्हणजेच आजच्या भाषणाचा गाभा आहे.

चुलीवर दूध ठेवले की आई तिथून हलत नाही. दूध वर येऊ लागले की ती आच कमी करते. आच नसेल तर दूध तापणार नाही. आच कमी केली नाही तर ते उतू जाईल. दोन्ही गोष्टी हव्यात. आपल्या शरीरातही आच कमी करणाऱ्या पेशी आहेत. त्यांना ‘नियामक टी-पेशी’ म्हणतात. नियामक म्हणजे नियमात ठेवणारा, आवर घालणारा.

या नियामक पेशी तीन कामे करतात. पहिले काम, त्या मदतनीस टी-पेशींना शांत करतात. त्यामुळे ‘आयजीई तयार करा’ हा निरोप बी-पेशींकडे जातच नाही, किंवा अगदी थोडा जातो. दुसरे काम, त्या बी-पेशींना निराळी दिशा देतात. मग बी-पेशी आयजीईऐवजी ‘आयजीजी-४’ नावाचे सौम्य प्रतिपिंड तयार करू लागतात. हे सौम्य प्रतिपिंड शेंगदाण्याच्या अंशाला वाटेतच धरून ठेवते आणि मास्ट पेशीपर्यंत पोहोचू देत नाही. तिसरे काम, त्या मास्ट पेशींनाही आवरतात, म्हणजे त्या सहजासहजी पिशव्या रिकाम्या करत नाहीत. तुम्ही रोज निश्चिंतपणे जेवता, त्यामागे या पेशींचे मूक काम असते.

या पेशी शिमोन साकागुची या जपानी शास्त्रज्ञांनी ओळखल्या. आपल्या छातीच्या हाडामागे थायमस नावाचा एक अवयव असतो. टी-पेशी तिथे तयार होऊन बाहेर पडतात. नुकत्याच जन्मलेल्या उंदराचा थायमस काढून टाकला, तर पुढे त्या उंदराचे पहारेकरी त्याच्याच शरीरावर हल्ला करू लागतात, असे दिसून आले होते. साकागुची यांनी अशा उंदरांना निरोगी उंदरांच्या टी-पेशी दिल्या. तो हल्ला टळला! म्हणजे टी-पेशींमध्ये केवळ लढणारेच नाहीत, आवरणारेही आहेत. पुष्कळ शास्त्रज्ञांचा यावर विश्वास बसेना. पण साकागुची यांनी काम सोडले नाही. १९९५ साली त्यांनी या आवरणाऱ्या पेशी नेमक्या कशा ओळखायच्या, हे दाखवून दिले. पुढे २००१ साली मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल या अमेरिकेतील शास्त्रज्ञांना एक जनुक सापडले. हे जनुक बिघडले की नियामक पेशी नीट तयार होत नाहीत. काही थोड्या मुलांमध्ये हे जनुक जन्मतःच बिघडलेले असते. त्यांचे शरीर स्वतःशीच लढू लागते. त्यांच्या रक्तात आयजीई खूप वाढते, कातडीवर इसब उठते, खाण्याच्या पदार्थांचीही ॲलर्जी होते. आवरणारे नसतील तर काय होते, ते यावरून कळते. या तिघांना २०२५ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

मग नियामक पेशींना शिकवता येईल का? काही प्रमाणात येते.

मधमाश्या पाळणाऱ्या माणसांना माश्या वारंवार डसतात. त्यांच्यापैकी पुष्कळांच्या रक्तात सौम्य आयजीजी-४ भरपूर आढळते आणि माशी डसली तरी त्यांना फारसा त्रास होत नाही. रोजच्या ओळखीने शरीर शांत राहायला शिकलेले असते. याच तत्त्वावर एक उपचारही आहे. १९११ साली लंडनमध्ये लेनर्ड नून या डॉक्टरांनी गवताच्या परागकणांचा अर्क अगदी थोडा थोडा टोचून काही रुग्णांच्या शिंका कमी केल्या होत्या. असा उपचार आजही करतात. तो पूर्ण व्हायला सहसा तीन ते पाच वर्षे लागतात.

शेंगदाण्याचीही अशीच एक गोष्ट आहे. इंग्लंडमध्ये अनेक वर्षे आयांना सांगत असत, की लहान बाळाला शेंगदाणा देऊ नका. इस्रायलमध्ये मात्र बाळे शेंगदाण्याचा कुरकुरीत खाऊ लहानपणापासूनच खात. २००८ साली शास्त्रज्ञांनी दोन्ही देशांतील ज्यू मुलांची तुलना केली. इंग्लंडकडच्या मुलांत शेंगदाण्याची ॲलर्जी सुमारे दहा पट जास्त आढळली! मग लंडनमध्ये ६४० बाळांवर अभ्यास झाला. या सर्व बाळांना ॲलर्जी होण्याचा धोका अधिक होता. त्यांना तपासून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली निम्म्या बाळांना शेंगदाण्याचे पदार्थ नियमित दिले आणि निम्म्यांना दिले नाहीत. २०१५ साली निकाल जाहीर झाला. ज्यांनी शेंगदाणा टाळला, त्यांच्यापैकी पाचव्या वर्षी शंभरात सुमारे १७ मुलांना ॲलर्जी झाली. ज्यांनी खाल्ला, त्यांच्यापैकी शंभरात सुमारे ३ मुलांनाच झाली. खाणाऱ्या मुलांच्या रक्तात सौम्य आयजीजी-४ही वाढलेले होते. जो पदार्थ लहानपणी तोंडावाटे पोटात जातो, त्याची शरीराला ओळख पटते. जो आधी फुटलेल्या कातडीवाटे आत शिरतो, त्याला ते शत्रू समजण्याचा संभव असतो, असे शास्त्रज्ञांना वाटते.

पण थांबा! ही गोष्ट ऐकून कोणी एक मोठी चूक करू नका. ज्या मुलाला ॲलर्जी आधीच झालेली आहे, त्याला ‘थोडे थोडे खा, सवय होईल’ असे सांगणे अतिशय धोक्याचे आहे. हे काम फक्त डॉक्टरांचे आहे. घरी किंवा शाळेत हा प्रयोग कधीही करू नये.

आता मला तुमच्याशी मनापासून बोलायचे आहे.

तुमच्या वर्गात एखादा मुलगा असेल, जो सहलीला गेल्यावर उकडलेल्या ‘पिस्तास’ खात नाही. एखादी मुलगी असेल, जी गणेश चतुर्थीला प्रसादाचा लाडू हातात घेते आणि आधी विचारते, ‘यात शेंगदाणे आहेत का?’ तिला ‘किती नखरे करतेस!’ असे म्हणू नका. ‘एक खाल्ल्याने काही होत नाही’ असा आग्रहही करू नका. आग्रह करून वाढणे ही आपली रीत आहे आणि ती प्रेमाची आहे. पण इथे प्रेमाची रीत वेगळी आहे. इथे न वाढणे हेच प्रेम. आणि गंमत म्हणून कोणाच्या डब्यात लपवून काही टाकणे तर कधीच नको. ती गंमत त्याच्या जिवावर बेतू शकते.

कोणाचे ओठ किंवा जीभ सुजू लागली, श्वास घेताना घरघर होऊ लागली, उलटी किंवा चक्कर येऊ लागली, तर काय कराल? एकाने ताबडतोब गुरुजींना किंवा बाईंना बोलवावे. दुसऱ्याने त्याच्याजवळच थांबावे. त्याला चालू देऊ नये, आडवे निजवावे. श्वास घेणे कठीण जात असेल तर बसू द्यावे. डॉक्टरांनी त्याला ॲड्रिनालिनची सुई दिलेली असेल, तर ती कुठे आहे ते मोठ्यांना लगेच सांगावे. ती मांडीच्या बाहेरच्या बाजूला टोचतात. आणि मोठ्या माणसाने ११४ या क्रमांकावर ‘सामू’ला फोन करावा. ‘थोड्या वेळाने बरे वाटेल’ म्हणून वाट पाहत बसू नये.

आणि ज्यांना स्वतःला ॲलर्जी आहे, त्या मुलांना मी सांगेन: यात तुमचा काहीही दोष नाही. तुमचे शरीर दुबळे नाही. तुमचे पहारेकरी जागे आहेत, शूर आहेत. फक्त एका वस्तूच्या बाबतीत त्यांची ओळख चुकली आहे. ‘मला हे चालत नाही’ असे मोठ्याने सांगायला लाजू नका. जेवढ्या मित्रांना ते ठाऊक असेल, तेवढे तुम्ही अधिक सुरक्षित राहाल.

बालमित्रांनो, काठी उचलणारा शूर असतोच. पण काठी उचलण्याआधी दिवा आणून ‘ही दोरी आहे’ हे पाहणारा, आणि धावत सुटलेल्यांना ‘थांबा’ म्हणणारा, हाही तितकाच शूर असतो. तुमच्या शरीरात असे लक्षावधी शूर नियामक आत्ता, या क्षणी काम करत आहेत. उद्या डबा खायच्या सुट्टीत कोणी एखाद्याला नको असलेला घास भरवू लागला, तर वर्गातही एकाने ‘थांबा’ म्हणावे. तो एक तुम्ही व्हा.

स्वाध्याय

१. आयजीईचे शरीरातील चांगले काम कोणते?
२. ॲलर्जीच्या पहिल्या पायरीवर त्रास का होत नाही?
३. नियामक टी-पेशींची तीन कामे तुमच्या शब्दांत सांगा.
४. ‘इथे न वाढणे हेच प्रेम’ असे वक्ते का म्हणतात?
५. ‘साप साप म्हणून भुई धोपटणे’ या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग करा.